पडलेल्यांचा माल

प्रिय उली,

हे पत्र कारखान्याच्या फाटकावर उभ्यानेच फोडू नकोस. आडोशाला जा, खाली बस, मग वाच. आई माझ्या शेजारी तमाले गुंडाळायला मक्याची पानं पुसतेय. अर्धा तास एकच पान पुसतेय. घाबरलीय. मीही.

शाळेमागचं ते सायबर कॅफे आठवतं? एक यंत्र, एक खुर्ची, त्यावर आपण दोघं अर्धे-अर्धे. पडद्यावर फक्त आपले हात आणि बंदुकीची नळी, आणि सगळं इतकं झपाट्याने, की पापणी लवली की मेलो. नेम तू धरायचास, पिशवी मी सांभाळायचे. बंदुका दोनच बाळगता येतात, म्हणून एक जवळच्या माराची, एक लांबच्या, दोन्हींना चालतील तेवढ्याच गोळ्या, बाकी सगळं टाकून द्यायचं. तुझा जीव मात्र चकचकीत वस्तूंवर. “झुले, ही सोनेरी घेऊ दे ना गं!” “सोनेरी असली तरी पोट रिकामं आहे तिचं. टाक, गाढवा!” कुणी पडला की त्याच्या मालाची पेटी उघडायची, हवं ते उचलायचं आणि पळायचं. पडलेला कोण होता, हा विचार मनाला कधी शिवलाच नाही. तू कारखान्यात कामाला तिहुआनाला गेल्यावरही रविवारी दुपारी मोबाइलवर आपला तोच खेळ आणि तीच भांडणं. त्यामुळे तू लांब गेलायस असं वाटतच नसे.

जानेवारीत खेळातल्या आपल्या तुकडीत तो तेकोलोते नाव घेतलेला आला. तू म्हणालास, भला माणूस दिसतोय. मलाही तसंच वाटलं. तू नसताना तो माझ्याशी बोलायचा, हे मात्र मी तुला सांगितलं नाही. “कुणाला काय द्यायचं हे तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, राणी,” म्हणायचा. उली, औषधाच्या दुकानात आठ वर्षं उभी आहे, तिथे मला असं कधी कुणी म्हणालं नाही. मग एकदा सहज म्हणाला, “तुझ्या आईचे तमाले छान असतात.” मी त्याला आईबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण त्याने कामाचं सांगितलं. गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम, माल आला-गेला बघायचं, पगार दुकानाच्या तिप्पट. मी गेले.

गेल्या आठवड्यातला मंगळवार, सकाळचे अकरा. तेकोलोते म्हणजे दातांना तारा लावलेला, विशीतला, मऊ आवाजाचा मुलगा. त्याने माझा मोबाइल मागून घेतला, “इथला नियम आहे,” म्हणाला. मग ताडपत्री ओढली. खाली बंदुका होत्या, छातीवर बांधायची जाकिटं, बूट, मोबाइल. सगळं वापरलेलं. काही जाकिटं वाळून पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. कशाने, ते मी विचारलं नाही. एका पट्ट्याच्या आतल्या बाजूला शाईने ‘चुय’ असं नाव लिहिलेलं होतं, आईने शाळेच्या दप्तरावर लिहावं तसं. “लाव बघू नीट,” तो म्हणाला. आणि मी लावलं, उली. हात चुकले नाहीत. लांब नळीच्या एकीकडे, आखूड एकीकडे, जिच्या-तिच्या गोळ्या तिच्याजवळ. तासाभरात सगळं लागलं. तो टाळ्या वाजवत म्हणाला, “बघ, इथेही तूच राणी! उद्या कपडे घेऊन ये, इथेच राहायचंय. आणि तुझा भाऊ नेम छान धरतो. त्यालाही बोलावून घेऊ.” पोलिसांकडे का गेले नाही, विचारशील. त्याच अंगणात गणवेशातला एक माणूस खुर्ची टाकून कॉफी पीत बसला होता.

घरी आले, आईला म्हटलं, “काही विचारू नकोस, चपला घाल.” चुलीवरचं पातेलं तसंच ठेवून दुपारच्या बसने निघालो. कुठे आहोत ते लिहीत नाही.

माझा मोबाइल अजून त्यांच्याकडे आहे. माझं खातं, तुझा नंबर, आपली सगळी बोलणी त्यातच. काल इथल्या एका बाईच्या मोबाइलवरून नवं खातं काढून तुला लिहिलं, की मी झुलेमा आहे. तुझं उत्तर आलं: “नाटकं बंद कर. माझी बहीण आत्ता माझ्याबरोबर खेळतेय. आई आजारी आहे, शनिवारच्या बसने मी घरी तेपिकला निघालोय.” आणि तू मला ब्लॉक करून टाकलंस. जिच्याबरोबर खेळतोयस ती मी नाही, उली. तो तेकोलोते आहे. आई ठणठणीत आहे, खाली तिच्या हातच्या दोन ओळी आहेत. टोमॅटोच्या ट्रकवाल्याने हे पत्र शुक्रवारपर्यंत तुझ्या फाटकावर पोचवायचं कबूल केलंय. आज बुधवार. तेकोलोतेशी आणखी एक शब्दही बोलू नकोस. त्या बसमध्ये चढू नकोस.

तुझीच, खरीखुरी,
झुलेमा

बाळा, मी बरी आहे. येऊ नकोस. — आई