बांधावरून दिसणारा झेंडा

मंगळवार, संध्याकाळ

घरून आबांचा फोन येऊन तास झाला. गावाजवळच्या लष्कराच्या फायरिंग रेंजवर लाल झेंडा असला, म्हणजे गोळीबाराचा सराव चालू असला, की कुणी म्हशी तिथल्या माळावर सोडत नाही. आज आबांनी सोडल्या. नेहमीसारखं गोठ्याच्या दारातून पाहिलं, झेंडा दिसला नाही. होता, पण शेजारच्या विकलेल्या शेतात फ्लॅटचा टॉवर उभा राहतोय, त्याच्या हिरव्या जाळीमागे. गोळ्यांचा आवाज आल्यावर कळलं. म्हशी परत आल्या, आबाही आले. पण...

आणि उद्या आमचं शेत विकायची सही. बिल्डरला मीच हो म्हटलेलं. रेंजचे साहेब दोनदा येऊन गेलेले, विकू नका, शेत शेतच ठेवायचा करार आमच्याशी करा म्हणून. मला वाटलं, माळरानाची एवढी काय काळजी यांना? आज कळतंय. की आत्ताही फक्त घाबरलोय म्हणून कळतंय?

 फोनवर मीच आबांना विचारलं, "आता झेंडा कुठून बघणार?"

"आपल्या बांधावरून दिसतो रे अजून," ते म्हणाले. "उद्यापर्यंत तरी."