हिराआईने चुरगाळलेला पेपर

शुक्रवार, दिवेलागण. रेवदंडा.

सुटले बाई! हे वरकमाईचं काम गेलं असतं तर माझ्या अंजूचा क्लास बंद झाला असता.

गेल्या शुक्रवारी अंगात कणकण होती. फुकट वाटायच्या साप्ताहिकाचा वरच्या आळीचा गठ्ठा मी घरोघर टाकलाच नाही, हिराआईला देऊन मोकळी झाले. बंदरावर सुकी मासळी विकते ती, पुड्यांना कागद लागतोच. कोणाला कळणार? आणि आज साप्ताहिकाचे मालक आले, ते नेमके तिच्याच पाटीपाशी थांबले. म्हणे, अर्धा किलो सुकट द्या.

मी तिथेच स्कूटीवर, आजचे गठ्ठे घेऊन. गोणपाटाखालचे सगळे अंक करकरीत, एकाचीही घडी मोडलेली नाही!

हिराआईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. एक अंक ओढला, दोन्ही हातांनी चुरगाळला, मांडीवर सपाट केला आणि त्यात सुकट बांधली.

"अरे, हा तर माझा पेपर!" मालक म्हणाले.

"व्हय. वाचून झाला का बाया मला आणून देतात."

केवढे खूश झाले! लोक वाचतात म्हणजे, म्हणत गेले. असं कसं सुचलं हिला? चुरगाळायचं?

मी हात जोडले, तर म्हणते, "ते ऱ्हाऊ दे. वरच्या आळीतली माझी भैन इचारीत व्हती, पेपरवाली आजारी हाय का म्हणून."

आज आधी त्याच आळीत गेले. तिच्या बहिणीच्या हातात आजचा अंक दिला. करकरीत.