झटका, दम आणि माझा प्रोग्राम

३ मार्च, सकाळी ९
एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या या गावात सोलर प्लँटचा इन-चार्ज म्हणून रुजू. साठवण दुहेरी. सुपरकॅपॅसिटर म्हणजे झटका, लिथियम बॅटरी म्हणजे दम. मोटर सुरू होतानाचा झटका एकाने सोसायचा, पुढचे तास दुसरीने रेटायचे. कोणी केव्हा किती द्यायचं, ते माझा प्रोग्राम ठरवणार. संकल्प: कशालाही माणसाचा हात लागू न देणे.

५ मार्च
प्रोग्राम चालू. बॅटरी ८२ टक्के. धान गिरणीवाले लटारूभाऊ विचारायला आले, मोटर कधी लावू? सांगितलं, वाटेल तेव्हा. सिस्टिम तुमच्या मनातलं ओळखते. म्हणाले, माह्या बायकोले तीस वर्सांत नाई जमलं ते. टेक्नॉलॉजीची आवड दिसते.

९ मार्च, संध्याकाळी ६
गाव अर्धा तास बंद. कारण: गिरणी, पंखे, टीव्ही सगळं एकदम लावलं. वीज आहे म्हणून वापरायचीच का? प्रोग्राम निर्दोष.

१० मार्च
उपकेंद्राच्या नर्स ज्योत्स्नाबाई आल्या. उद्या बारा लेकरांना लस द्यायची आहे, फ्रीज बंद पडायले नाई पाह्यजे. मी गॅरंटी दिली. स्क्रीनवर ८२ टक्के. त्यांनी विचारलं, मंग पंखा काऊन हळू फिरून राह्यला? टेक्निकल गोष्टी पंख्याकडे पाहून ठरत नसतात.

११ मार्च, सकाळी ७
फ्रीज बंद. बॅटरी रिकामी. स्वतःच्या सेलवर चालणाऱ्या स्क्रीनवर अजूनही ८२. पाच तारखेपासून ८२च होतं, स्क्रीन अडकली होती. मी ते स्थैर्य समजत होतो.
ज्योत्स्नाबाईंनी लसी बर्फाच्या डब्यात भरल्या आणि लटारूभाऊंच्या गाडीवर बसून एटापल्ली गाठली. माझ्यासाठी थांबल्या नाहीत. स्पष्टीकरण तयार होतं.
बारा आया ओट्यावर लेकरं घेऊन बसल्या होत्या. एकीने सरकून मला जागा दिली. माझ्याने बसवलं नाही.

१२ मार्च
लसी वाचल्या. आज सकाळी लेकरांना टोचल्याही. नंतर उपकेंद्रासमोर मीटिंग. निमंत्रण नव्हतं, आवाज ऐकून गेलो. ठरलं असं: गिरणी अकरा ते तीन, कडक उन्हात. मोटर लावायच्या आधी बाईंना विचारायचं. फ्रीज पहिला, टीव्ही उरलं तर. हे सगळं खडूने भिंतीवर लिहिलं. मागास उपाय. प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत चालू दे म्हटलं. परवानगी कोणी मागितली नव्हती.

२६ मार्च
चौदा दिवस लाईट गेली नाही. प्रोग्राम उद्या दुरुस्त करणार. हेड ऑफिसला रिपोर्ट पाठवला: माझी ॲडव्हान्स्ड पद्धत यशस्वी.

२ एप्रिल
रिपोर्ट वाचून चंद्रपूरहून साहेब आले. सिस्टिम कुठी आहे म्हणाले. मी कंट्रोल रूमकडे हात केला, गावाने भिंतीकडे. साहेब तासभर भिंतीसमोर उभे. आता नऊ गावांच्या ऑपरेटरांना ज्योत्स्नाबाई शिकवणार. शिकणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं. यादी अकारविल्हे लावली असावी.
मग लक्षात आलं, माझं नाव हेमराज आहे.