वीस नंबर, खाली दोन रेघा

३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं ठीक. तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. वेगळी चूल मांडून चार वर्षं झाली, तुझं एक पत्र नाही. सूतगिरणीत सूत तपासायची नोकरी लागली म्हणून माणसाला शिंगं फुटत नाहीत, पण असो.

गरज माझी आहे. इस्पितळातून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी झबली विणायचं काम येऊ घातलंय. चौदा तारखेला मेट्रनबाईंना नमुना दाखवायचा. पास झाला तर माझा विणकामाचा कारखाना तगेल. नाहीतर कुलूप लावून आम्ही दोघं तुझ्या मागच्या खोलीत राहायला येऊ. भावोजींनी यांना तसा शब्द दिलाय.

बाजारातलं तीस नंबरचं सूत जाड पडतं. त्याहून बारीक हवं, म्हणून वीस नंबर पाठव. खाली दोन रेघा मारल्यात, चुकू नकोस.

भावोजींना आणि लेकीला आशीर्वाद. तुलाही, लागत असतील तर.

तुझी थोरली जाऊ

८ मार्च

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

शिंगांचं वाचून करमणूक झाली. वीस नंबर सुताची चार रिळं सोबत आहेत. तुम्ही वीस लिहिलंत, खाली रेघाही मारल्यात. तुमच्या शब्दाबाहेर जायची माझी काय टाप?

मागच्या खोलीत मोडकं शिलाई मशीन आहे आणि ह्यांची रद्दी. ती रिकामी होणार नाही. शब्द ह्यांनी दिलाय, मी नाही.

सूत तुमच्याएवढं कुणाला कळतं! माझं पहिलंवहिलं झबलं चारचौघांत उसवून दाखवलंत, तेव्हाच कळलं मला.

लोभ जिथे होता तिथेच राहू द्यावा.

धाकटी

१५ मार्च

धाकटीस,
आशीर्वाद आज शिल्लक नाहीत.

काय पाठवलंस ते? मेट्रनबाईंनी झबलं मनगटाच्या आतल्या बाजूवर घासलं आणि विचारलं, की हे बाळाला घालायचं की यात बटाटे भरायचे? माझ्या विणणाऱ्या सहाही बायका शेजारी उभ्या. त्यांच्यादेखत मेट्रनबाईंनी मला शिकवलं, की नंबर वाढतो तसं सूत बारीक होतं. बावीस वर्षं सूत चिमटीत धरून पारखत आले, नंबर कधी विचारला नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

माझी चूक, कबूल. पण ‘त्याहून बारीक’ असंही मीच लिहिलं होतं ना? ते वाचलंस, हसलीस आणि पार्सल बांधलंस. लोक केसाने गळा कापतात म्हणे. तू दोरखंडाने कापलास.

एकतीसपर्यंत मुदत मिळालीय. तुझ्याकडे काही मागणार नाही. सामान बांधायला घेतलंय, खोली झाडून ठेव.

थोरली

२० मार्च

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

हो, हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईला तुमचं पत्र दाखवून हसले. वीस नंबर मुद्दाम पाठवलं.

आता नीट वाचा. ठराविक वजनाच्या सुतात ठराविक लांबीच्या जितक्या लडी भरतात, तो त्याचा नंबर. वीस भरल्या तर वीस, चाळीस भरल्या तर चाळीस. वजन तेच आणि लांबी दुप्पट, मग सूत बारीकच होणार. पण नुसता नंबर बघून भागत नाही. सूत विंचरलेलं हवं, म्हणजे आखूड तंतू निघून जातात आणि अंगाला टोचत नाही. पीळही मऊ हवा, नाहीतर धुतल्यावर झबलं तिरकं होतं. चाळीस नंबर, विंचरलेलं, पाठवतेय. काळ्या पाटीवर गुंडाळून खिडकीशी नेऊन पाहिलं, एक गाठ नाही.

माया उतू चाललीय असं समजू नका. मला खोली द्यायची नाही, आणि त्या बाळांनी माझं काय घोडं मारलंय?

माझी लेक जन्मली तेव्हा दीड किलोची होती. तिच्यासाठी जन्मात पहिल्यांदा काही विणलं. तुम्ही ते तिच्या अंगावरून काढलंत आणि पाहुण्यांसमोर गाठी दाखवत उसवलंत. आठ वर्षं झाली. का उसवलंत, ते एकदा तरी सांगा.

धाकटी

१ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

नमुना पास झाला. काम मिळालं, बांधलेलं सामान सोडलं.

आता तू विचारलंस ते. त्या दिवशी लेकीच्या मानेवर लाल वळ उठले होते, एका जागी कातडी निघाली होती. तू तापाने फणफणलेली. तुझ्याच झबल्यानं पोरीची मान सोलली, हे बाळंतिणीला कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून गाठींचं निमित्त केलं. पुढे तू बोलणं टाकलंस, मग मीही अडून बसले.

ते सूत मी फेकलं नाही. गुंडी करून कपाटात ठेवली होती, ती सोबत पाठवतेय. माझ्या बोटांना ते जाड लागलं होतं. पण या महिन्यात माझा स्वतःवरचा भरवसा गेला. तू मोज. माझं चुकलं असेल तर तसं लिही, मी ऐकून घेईन.

थोरली

७ एप्रिल

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

तीनदा मोजलं. दहा नंबर. आखूड तंतू, आणि गाठीच गाठी.

उसवलंत ते बरोबर केलंत. चारचौघांत उसवलंत, ते मी अजून माफ केलेलं नाही.

ही गुंडी कुणाची, असं लेक विचारत होती. तुझीच, म्हटलं. तिने ती गालावर घासून पाहिली आणि टोचते म्हणाली.

खोली झाडलीय. चार दिवस या. पाचव्या दिवशी सामान मी बांधून देईन.

धाकटी