चर्चच्या नावावरची मूस

११ मार्च

मूस उठून गेली! हसावं की घाबरावं, कोण जाणे.

सकाळी सातला पोलिसांचा फोन. शाळेच्या वळणावर ट्रकनं मूस, इथलं ते अवाढव्य सांबर, उडवली, आणि गाडीखाली मेलेल्या जनावराचं मांस गरजू घरांना वाटणाऱ्यांच्या यादीवर आज नंबर आमच्या चर्चचा. अर्ध्या तासात या, नाहीतर पुढच्यांना देतो. मी मैत्रिणीला, वेल्माला, उठवलं, वेल्मानं सुऱ्या घेतल्या, चर्चच्या कमिटीवरच्या लेस्टरनं पिकअप काढली. बसायच्या आधीच त्याची कुरकुर – "सीटला रक्त लागलं तर बघा!"

रस्त्याकडेला ही घोड्याहून उंच मादी आडवी पसरलेली. शेजारी नवा पोलीस, डेलगाडो. ॲरिझोनाहून येऊन आठवडा झालाय. थंडीनं निळा पडलेला, पण कायदा तोंडपाठ. "बाई, मान, बरगड्या, सगळं न्यायचं. खाण्याजोगं काही टाकलंत तर गुन्हा आहे."

"अरे बाबा," वेल्मा म्हणाली, "तू अजून वाळवंटात खेळत होतास तेव्हापासून मी मुसा फाडतेय. माझ्यामागे कावळ्यालासुद्धा काही उरत नाही."

त्यानं चर्चचं नाव घातलेला पिवळा बिल्ला तारेनं मुशीच्या कानाला बांधला. मी सही केली. वेल्मानं बाह्या सरसावल्या, गुडघे टेकले, पोटावर सुरी ठेवली –

आणि मुशीनं डोळा उघडला.

वेल्माला अडुसष्ट वर्षं झालीत. पिकअपच्या टपावर कशी चढली ते तिचं तिलाही सांगता येत नाही. डेलगाडो आधीच वर होता! मूस उभी राहिली, अंग झाडलं, आमच्याकडे एकदा बघितलं – न सांगता आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं – आणि झाडीत निघून गेली. बिल्ल्यासकट.

१२ मार्च

डेलगाडो आला. टोपी हातात.

"मेलीय की नाही ते बघितलं नव्हतंत?"

"हलत नव्हती, बाई. आणि एवढ्या मोठ्या जनावराला… कुठे हात लावून बघायचं?"

वरच्या साहेबांना त्यानं 'मेली, चर्चला दिली' असं कळवून टाकलंय. आता मांस कोणकोणत्या घरी गेलं ते मी दहा दिवसांत लिहून द्यायचं. मांस दाखवता आलं नाही तर वाया घालवल्याचा ठपका, माझी सही आहे म्हणून माझ्यावर. आणि चर्च यादीतून बाद. त्या यादीवर इथली तीस घरं हिवाळा काढतात.

पास्टर कॉर्विन म्हणाले, "लिहा – सगळं मांस जागेवरून हलवण्यात आलं, तसूभरही वाया गेलं नाही. यात खोटं काय? तिनं स्वतःच हलवलं."

पास्टर आहेत की वकील!

१५ मार्च

लेस्टरचा फोन. "एडना, तुमच्या मुशीनं माझी सफरचंदाची झाडं खाल्ली! पाचच्या पाच!"

"आपल्या मुशीनं, लेस्टर. तू कमिटीवर आहेस."

फोन आपटला.

१६ मार्च

आणखी तीन फोन. ती पोस्टाच्या दारात बसलीय. कानाला बिल्ला, त्यावर चर्चचं नाव, मग लोक चर्चलाच बोलावणार! पास्टर गेले. आधी गोड बोलले, मग दटावलं, मग हात जोडले. ढिम्म. दुपारनंतर तिची तीच उठली. तोवर कोणाला पत्र नाही, पार्सल नाही, आणि सगळ्या शिव्या आम्हाला.

१९ मार्च

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

वेल्मा म्हणते, "दे ना ठोकून. मागचा पाय लेस्टरकडे गेला म्हणायचं. त्याच्या घरी चौकशीला जाऊन चहासुद्धा मिळत नाही, कोण जाईल?"

हसले. पण डेलगाडोची बायको परवाच आलीय, दोन मुली घेऊन. खोकीसुद्धा उघडली नाहीत म्हणे. खरं लिहिलं तर त्याची नोकरी जाईल, आणि ती खोकी तशीच परत न्यायची. आणि खोटं लिहायचं तर एकोणीस वर्षं मी सही करतेय, आजवर एक हाड चुकीचं लिहिलेलं नाही.

२० मार्च

खरं लिहिलं. फक्त एवढी भर घातली – 'पोलीस नवा होता. मी नवी नव्हते. जनावर मेलंय की नाही ते मी बघायला हवं होतं.' टाकलं पोस्टात. मूस दारात नव्हती तेवढ्यात!

२ एप्रिल

वरचे साहेब आले. माझं पत्र हॉलमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. वेल्मानं टपावर चढल्याचं करून दाखवलं, टेबलावर. साहेब हसले नाहीत.

"आत्ता जनावर कुठे आहे?"

पास्टरांनी खिडकीकडे बोट केलं. मूस बाहेर चर्चचं कुंपण चघळत होती. साहेबांनी बराच वेळ बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं.

निकाल – डेलगाडोला लेखी समज, नोकरी शाबूत. चर्च पुढच्या हिवाळ्यापर्यंत यादीतून बाद.

५ एप्रिल

लेस्टर बोलत नाही. दुकानात मागून कोणीतरी म्हणालं, "खऱ्याचं कालवण होतं का गं, एडना?" वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर चेहरा ओळखीचा निघाला असता.

संध्याकाळी डेलगाडोची बायको आली. मक्याच्या पानात बांधून उकडलेले, सारण भरलेले टमाले, मोठं पातेलं भरून. माझा हात धरून उभी राहिली. वेल्मानं नऊ खाल्ले.

२८ मे

शाळेच्या मैदानावर सगळं गाव जमलंय म्हणून आम्हीही गेलो. आमची मूस. पायांत दोन पिल्लं, तांबूस, अजून ओली, उभी राहताना पडत होती. लेस्टरसुद्धा आला होता.

वेल्मानं माझा दंड घट्ट धरला. "मी पोटापासूनच सुरू करणार होते, एडना."