दीड गुणाची श्रिया

कोपर, डोंबिवली पश्चिम

ती. सुमतीताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला आमच्या स्टाफरूममध्ये जागा नाही, तेव्हा उभ्यानेच घातलाय असं समज.) तुझा उजवा गुडघा ठणठणीत आहे आणि डावा ठणकतो असं कळलं. आमच्या मुख्याध्यापकांच्या हिशेबाने, म्हणजे सरासरीने, तुझी तब्येत मध्यम. भाऊजींना नमस्कार. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला माझी चूक काढतेस, आणि या वेळी चूक बरीच लांबलचक आहे.

तुला माहीतच आहे, गणिताच्या बाई रिटायर झाल्यावर मला इतिहासातून उचलून गणितावर बसवलं. आठवी अ मध्ये अकरा मुलं, सरासरी सत्तर. आठवी ब मध्ये नऊ, सरासरी चाळीस. (मराठी शाळा आहे, मुलं एवढीच उरलीत. त्यातली दोन तर शिक्षकांचीच.) चाचणी झाली त्याच आठवड्यात अ मधल्या एका बाकाचा पाय मोडला, म्हणून त्या बाकावरच्या श्रियाला मी दप्तरासकट ब मध्ये बसवलं. तिला पंचावन्न गुण होते. नव्या पटाप्रमाणे सरासरी पुन्हा काढली, तर दोन्ही वर्ग दीड-दीड गुणाने वर! कुणाचा अर्धा मार्कसुद्धा वाढला नव्हता, ताई. सत्तरवाल्यांतून पंचावन्न गेले म्हणून ते चढले आणि चाळीसवाल्यांत पंचावन्न आले म्हणून तेही चढले.

मी हे मुख्याध्यापकांना सांगायला गेलो होतो, अगदी प्रामाणिकपणे. पण ते 'दोन्ही वर्ग वर' एवढंच ऐकून उठले आणि त्यांनी मला पेढा भरवला. पेढा तोंडात असताना खुलासा करता येत नाही. संध्याकाळपर्यंत भिंतीवर आलेख लागला. आठवड्याला दीड, या वेगाने आठवी अ एकोणीस आठवड्यांत शंभरावर आणि विसाव्या आठवड्यात १०१.५ टक्क्यांवर. मी म्हटलं, पेपरच शंभराचा आहे. तर म्हणाले, "सर, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता बुवा."

पुढच्या आठवड्यात दीड कुठून आणणार? सोमवारी श्रियाला गुपचूप अ मध्ये परत नेलं. दोन्ही वर्ग घसरले. (घसरण लिहायला आलेखात रकानाच नाही.) शुक्रवारी तिला ब मध्ये आणलं, पुन्हा दीड! असे सहा आठवडे मी त्या पोरीला पॅसेजमधून इकडून तिकडे नेतोय. आलेख छताला टेकायला आला म्हणून शिपाई नाथाभाऊंनी तो खाली सरकवून लावला, तर मुख्याध्यापक त्यांच्यावरच खवळले, निकाल पाडला म्हणून.

गेल्या शुक्रवारी श्रिया पॅसेजमध्येच थांबली. म्हणाली, "सर, अ मध्ये मी ढ आणि ब मध्ये हुशार. मग इथे पॅसेजमध्ये मी कोण?" तिची आई विनिताताई शाळा सुटल्यावर भेटल्या. "दोन्ही वर्ग सुधारले म्हणे सर. आमच्या श्रियाचे पंचावन्न तेवढे पंचावन्नच राहिले. तिला अपूर्णांक जमत नाहीत, ते कधी शिकवणार? वार्षिक तोंडावर आली." ताई, मला फार लाज वाटली. आलेख रंगवण्यात दीड महिना गेला आणि अपूर्णांकाचं पान मी उघडलंच नव्हतं. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
सलिल

ता. क. १ : पत्राचं खरं कारण हे. दर रविवारी श्रियाला तुझ्याकडे पाठवू का? मला जसे थालीपिठाचे तुकडे करून अपूर्णांक शिकवलेस, तसेच तिला शिकव. मी शिकवले असते, पण मला थालीपीठ संपेपर्यंतचेच आठवतात.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालतच होतो, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांना ती युक्ती अखेर समजली! आता ती शिक्षकांना लावतायत. मुलांनी आम्हाला गुण दिले होते. इथे आम्ही सात जण, सरासरी बासष्ट. संस्थेच्या शीळफाट्याच्या शाळेत पाच जण, सरासरी एकोणपन्नास. मला पंचावन्न. एक तारखेपासून माझी बदली शीळफाट्याला. दोन्ही शाळा सुधारणार म्हणे.

ता. क. ३ : चिडून मी हाच हिशेब श्रियाला फळ्यावर करायला लावला. म्हटलं, चुकू दे यांचं भाकीत. तिने छेद वगैरे नीट मांडून उत्तर काढलं : मी गेल्यावर इथली सरासरी एक पूर्णांक एक षष्ठांशाने वाढेल, तिथली एकाने. तीनदा तपासलं. या वर्षातलं तिचं पहिलं संपूर्ण बरोबर गणित! तिला इतका आनंद झाला की मलाही झाला. पण एका उत्तरावरून पुढचं भाकीत करणं मी मुख्याध्यापकांवर सोडलंय, म्हणून रविवारी ती येणारच. मीही येतो. तुझ्या वर्गात आम्ही दोघंच असू. कृपा करून सरासरी काढू नकोस.