कॉलरचं प्रकरण आणि माझ्या एकोणीस ओळी

ती. मावशीस,

आधी नमस्कार, मग गुडघ्याची चौकशी, मग कबुली. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. तुझ्या शिवणकामाच्या पुस्तकातलं कॉलरचं प्रकरण मंगळवारी माझ्या हातून गेलं. (बसून वाच. ओळीनं सांगतो.)

आमची कंपनी लिखाणाची प्रत्येक जुनी प्रत सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते. त्याच भरवशावर तू पुस्तक माझ्या हवाली केलंस आणि माझ्याच सांगण्यावरून वह्या रद्दीत दिल्यास. आता, हे सॉफ्टवेअर अडलं की जे बोलतं ते माणसाला कळलं पाहिजे, हे मी दोन वर्षं प्रत्येक बैठकीत टेबलावर मूठ आपटून सांगतो आहे. दोघांनी एकच परिच्छेद वेगवेगळा बदलला, तर आमचा पडदा म्हणायचा, ‘विलीनीकरण अयशस्वी. संघर्ष सोडवा.’ शेजारी आग लागली तर ‘ज्वलन आढळले’ असं कोणी ओरडतं का? शेवटी प्रमुख बाई कंटाळल्या. म्हणाल्या, तुम्हीच लिहा. कपाटाचं दार बसवायला सुतार आलेत, तो वाचून त्यांना गुंता सोडवायला जमलं तर तुमचा संदेश राहील. नाही तर जुनाच, आणि तुम्ही यापुढे बैठकीत गप्प.

परीक्षेला खरं लिखाण हवं, म्हणून तुझं घेतलं (आपलं माणूस!). कॉलरच्या दोन प्रती होत्याच: एक तुझी, एक मी जरासा हात फिरवलेली. संदेश एकोणीस ओळींचा झाला. त्यात चूक कशी घडते याचा इतिहास होता, धीराचे शब्द होते, ज्ञान सर्वांचं आहे यावर एक दणदणीत वाक्य होतं. सुतारकाकांनी तीन ओळी वाचल्या, ‘साहेब, भाषण संपलं की हाक मारा,’ म्हणाले आणि ‘बंद करा’ दाबलं. पडदा कोरा. दोन तास कॉम्प्युटरमधले सगळे कप्पे धुंडाळले, प्रकरण नाही. मग बाईंनी माझाच संदेश छापून आणला आणि अठराव्या ओळीवर बोट ठेवलं: ‘दोन्ही प्रती सुरक्षित आहेत. पुन्हा उघडा.’ मीच लिहिलेलं, आणि मीसुद्धा तिथवर वाचलं नव्हतं.

मावशी, काही अडलं की माणूस ‘काय चुकलं’ असं आधी विचारत नाही. तो विचारतो, ‘माझं गेलं का?’ त्याचं उत्तर पहिल्या ओळीत नसेल, तर बाकीच्या ओळी म्हणजे उद्धटपणा आहे. (तुझं प्रकरण सापडलं. हे मी वरच लिहायला हवं होतं.) आता संदेश तीन ओळींचा आहे: तुमचं लिखाण सुरक्षित आहे. दोघांनी हाच परिच्छेद बदलला आहे. दोन्ही शेजारी-शेजारी दाखवले आहेत, हवा तो ठेवा. तो वाचून सुतारकाकांनी दहा मिनिटांत दोन्ही प्रती जुळवल्या आणि बिजागरीकडे वळले. संदेश राहिला.

तुझा, बैठकीत अजून बोलू शकणारा,
भाचा

ता. क. लेखिकेची परवानगी कुठे आहे, असं बाईंनी विचारलं आहे. दोन ओळी लगेच पाठव. तारीख सोमवारची टाक.

ता. क. २. दोन प्रतींत फरक होता त्या बावीसही ठिकाणी सुतारकाकांनी तुझाच परिच्छेद ठेवला. का, विचारलं, तर म्हणाले, ‘तुमच्या मावशी कात्री कुठं लावायची ते सांगतात.’ माझी प्रत सुरक्षित आहे. अजून कोणी मागितलेली नाही.